थाप पहिली, थाप दुसरी

कॉम्प्युटरवर खेकडा चालवायला शिकले तेव्हा मला सदुसष्टावं लागलं होतं. चालवायला म्हणजे अगदी पाय मोजून. आठ पाय, दोन नांग्या आणि ते तिरकं चालणं. माझी नात म्हणाली होती, "आजी, पहिल्यांदा सरळ चालणारं काहीतरी घे ना. कोंबडी घे." मी म्हटलं, कोंबडी कोण बघतंय, कोंबड्या दारात आहेत. असा माझा स्वभाव. सोपं काही पुढ्यात आलं की ते बाजूला सारायचं, अवघडात पाय घालायचा, आणि मग तिथनं सगळ्यांना हाका मारत बसायचं.

नात पुण्याला ॲनिमेशन शिकते. तिला नवा लॅपटॉप आला तेव्हा जुना माझ्याकडे ठेवून गेली. म्हणाली, यावर रांगोळी काढ, पुसायची कटकट नाही. रांगोळीवरून सुरुवात झाली आणि बघता बघता खेकड्यावर आले. सुट्टीतले आठ दिवस तिनं शिकवलं, उरलेलं मी हिंदीतले व्हिडिओ बघून शिकले. त्यातला मुलगा दर दोन वाक्यांनी "बहुत आसान है दोस्तों" म्हणतो. त्याला एकदा मुळशीला बोलावून भात लावायला उभा करणार आहे, आणि बांधावर बसून मीही तेच म्हणणार आहे.

तर आमच्या अंगणवाडीत टीव्ही आला. चांगला मोठा, भिंतभर. त्याच्यावर काय दाखवायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. अंगणवाडीच्या बाई मला म्हणाल्या, "आजी, तुम्ही म्हणे चित्रं हलवता. पोरांना एखादी आपल्याकडची गोष्ट करून द्या की." एवढं कुणी म्हटलं की माझ्या अंगात येतं. मी तिथल्या तिथं सांगून टाकलं, खेकड्याची करते.

ही गोष्ट आमच्या सासूबाईंची. वरच्या भातखाचरातलं पाणी रोज रात्रीतून नाहीसं होतं. वरची बाई म्हणते, खालचीनं बांध फोडला. खालची म्हणते, वरचीनं माझी रोपं कुजवायला पाणी मुद्दाम सोडलं. दोघी सख्ख्या जावा, वरची थोरली, खालची धाकटी. बोलणं बंद होतं. आणि बांधाच्या पोटात बसलेला खेकडा दोघींचं ऐकतो आणि आपलं बीळ आणखी कोरतो. एक दिवस अख्खा बांध बसतो, दोन्हीकडचं पाणी ओढ्याला जातं, आणि चिखलात समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोघींच्या मधनं खेकडा तिरका तिरका चालत जातो.

गोष्टीला आवाज पाहिजे. मी आधी माझाच भरून बघितला. स्वतःचा आवाज असा बाहेरून कधी ऐकला नव्हता. ऐकला आणि वाटलं, घरच्यांनी इतकी वर्षं हे कसं सोसलं? पत्र्यावर भुईमूग ओतल्यासारखा आवाज. शिवाय ही गोष्ट सांगावी तर माझ्या थोरल्या जाऊबाईनं. सासूबाईंची हुबेहूब लकब तिच्यात आली आहे. पण जाऊबाई आणि मी सहा वर्षं बोलत नव्हतो.

ते का, तेही सांगून टाकते, म्हणजे मोकळी होते. माझ्या धाकट्या लेकाची हळद. पहिली हळद लावायचा मान थोरलीचा. ती नवं लुगडं नेसून, हातात ताट घेऊन उभी. फोटोवाला म्हणतोय, लवकर करा, लवकर करा, ऊन गेलं. आणि मी त्या गडबडीत, तोंडाला जे नाव आलं ते घेतलं, आणि माझ्या बहिणीला पुढं बोलावलं. बहिणीनं हळद लावली. जाऊबाईनं ताट खाली ठेवलं, पदर खोचला आणि घरी गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मी तिला ऐकत नाही. ती नुसती गेली. मी सहा वर्षं भेटेल त्याला सांगत होते, फोटोवाल्यानं घात केला. त्या बिचाऱ्याला आता आमच्या वाडीत कुणी लग्नाला बोलावत नाही.

आमची घरं शेजारी, अंगण एक. कढीपत्ता तिच्या दारात, लिंबू माझ्या. मी पौडला बाजाराला गेले की ती लिंबं तोडायची. ती देवळात गेली की मी कढीपत्ता. दोघींना एकमेकींच्या वेळा तोंडपाठ. सहा वर्षं बिनबोलता आमचं असं व्यवस्थित चाललं होतं.

अंगणवाडीच्या बाई मध्ये पडल्या. त्यांनी विचारलं तर ती म्हणाली, पोरांसाठी हाय ना, मग देते आवाज. आणि एका दुपारी आलीच. सहा वर्षांनी माझा उंबरा चढली. आत येऊन भिंतीला टेकून बसली आणि माझ्याकडं न बघता बाईंना म्हणाली, "हिला सांगा, गोष्ट सांगते. पर चार लोकांत माझं हसं केलं, तर ह्यो उंबरा पुन्यांदा चढायची न्हाई. जीव ग्येला तरी न्हाई."

मी म्हटलं, "हसं कशाला करीन आक्का?"

"सांगा हिला," ती बाईंनाच म्हणाली.

चहा घेतला नाही. मी फोन पुढं ठेवला आणि तिनं एका दमात गोष्ट सांगितली. पाऊस चालू होता, पत्रा वाजत होता, मधेच ती खोकली, दोनदा नाक ओढलं. पण काय सांगितली! हात कोरीत होते, मान खेकड्यासारखी तिरकी जात होती. शेवटाला आली, दोघी चिखलात उभ्या, आणि ती म्हणाली, "मंग धाकटी थोरलीला म्हनली..." आणि थांबली. माझ्याकडं बघितलं. आल्यापासून पहिल्यांदा बघितलं. मी फोन चालू आहे की नाही ते बघत होते. जरा वेळानं ती म्हणाली, "जाऊ दे. म्हनली कायतरी. मंग बांध बांधला." आणि उठली.

बिचारी विसरली, असं मला वाटलं. वयानं होतं. मनात थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. कारण ते वाक्य मला येत होतं.

आता कामाचं सांगते. कॉम्प्युटरच्या पडद्याच्या तळाला एक लांब पट्टी असते, तिला टाइमलाइन म्हणतात. सिनेमाचा वेळ तिच्यावरून डावीकडून उजवीकडं जातो, पाटाच्या पाण्यासारखा. आवाज ऐकत जायचं आणि जिथं काही घडायला पाहिजे तिथं एक बटण दाबून खूण करायची. तिला मार्कर म्हणतात. इथं खेकडा डोकावतो, इथं बाई वळते, इथं बांध फुटतो. सगळ्या खुणा आधी करून ठेवल्या की मग चित्र त्या खुणांना धरून हलवायचं. मला हे इतकं आवडलं की मी पहिल्या दिवशी जवळजवळ श्वासाश्वासाला खूण केली. पट्टी दिसेना, नुसत्या खुणा. प्रत्येकीखाली आकडा. दुसऱ्या दिवशी बघते तर कुठली खूण कशाची, काही कळेना. नातीला फोन केला.

"आजी, नावं दिलीस का त्यांना?"

"खुणांना?"

"मग? नाव दिलं नाहीस तर खुणेचा उपयोग काय? दोनदा दाबायचं आणि लिहायचं. छोटं लिही. तुला कळेल असं."

मला कळेल असं. इथं सगळा घोटाळा झाला. कारण नावं ठेवायची आमच्याकडं एक रीत आहे. आमच्या भागात प्रत्येक खाचराला नाव असतं, आणि ते त्याच्या खोडीवरून पडतं. आमचं एक खाचर रडकं, कायम पाझरतं. एक चोरटं, त्यात कितीही पाणी घ्या, सकाळी नाही. एक आळशी, सगळ्यांचं भात निसवून लोंब्या बाहेर आल्या तरी त्याचं अजून पोटात. चांगल्या खाचराला नाव नसतंच, त्याला नुसतं "ते" म्हणतात. जन्मभर अशीच नावं तोंडात, तर खुणांना दुसरी कुठली सुचणार? जाऊबाई खोकली तिथं मी लिहिलं "खोकला". पुढं "नाक ओढती". "पत्रा". मग हात सैल सुटला. खेकडा सुपाएवढा व्हता, असं ती म्हणाली तिथं "थाप पहिली". म्या ह्या डोळ्यांनी बघितलाय, म्हणाली तिथं "थाप दुसरी". सासूबाई मलाच गोष्ट सांगायच्या, असं मधेच घुसडलं तिथं "स्वतःची टिमकी". आणि शेवटाला ती थांबली होती तिथं "विसरली".

त्या खुणांनी मला कमी छळलं असं नाही. एकदा मधे जरा जास्त वेळ पाहिजे म्हणून खेकडा पुढं सरकवला, तर खुणा जागच्या जागी. मग खुणा सरकवल्या, तर खेकडा मागं. आधी पुढच्या सगळ्या खुणा एकदम निवडायच्या असतात आणि मग सगळं वऱ्हाड मिळून हलवायचं असतं, हे कळायला मला चार दिवस लागले. आणि ते बाणाचं टोक पडद्यावर जिथं असेल तिथला कायदा चालतो. टोक पट्टीवर ठेवून पुसलं तर खूण पुसते. मी टोक चित्रावर ठेवून पुसलं आणि आख्खा खेकडा गेला. मी खुर्चीतनं ओरडले, सून भाकरी टाकून पळत आली. तिला वाटलं साप निघाला.

"विसरली" म्हणून खूण केलेली जागा अकरा सेकंदांची होती. अकरा सेकंद नुसतं गप्प, पोरं कशी बसतील? मी तिथं खेकडा नाचवला. दोन्ही नांग्या वर करून, कंबर हलवून. खेकड्याला कंबर असते का, असं विचारू नका. त्या नाचाचा मला इतका अभिमान होता की पोस्टमनलाही थांबवून दाखवला.

सगळं झालं की सिनेमा बाहेर काढायचा असतो. त्याला रेंडर म्हणतात. त्याच्या पानावर पुष्कळ चौकटी. नातीनं सांगितलं होतं, "त्या चौकटींना हात लावू नको, आहे तसं राहू दे." पण मी जन्मात जेवढे अर्ज भरले त्यातली एक जरी चौकट रिकामी राहिली तरी खिडकीतनं अर्ज परत आलेला आहे. रेशनचा, उताऱ्याचा, गॅसचा. "मावशी, हे भरलं नाही, उद्या या." रिकामी चौकट बघून माझा हात आवरेना. मी एकूणएक चौकटींत बरोबरची खूण केली, आणि वर नातीपेक्षा आपणच जास्त काळजी घेतो, असंही मनात म्हटलं.

त्यातली एक चौकट होती, चित्रावर मजकूर छापायचा. आणि तिच्याखाली दुसरी होती, मजकुरात खुणेचं नाव घ्यायचं.

रेंडर खेळाच्या आदल्या सकाळी लावलं होतं. मधे दोनदा वीज गेली. संपलं ते दुसऱ्या दिवशी अकराला, आणि बाराला पोरं खिचडी खाऊन अंगणवाडीत बसणार होती. मी लॅपटॉपवर एकदा घाईत बघितलं. खाली काहीतरी बारीक पांढरं पांढरं दिसलं. म्हटलं, कंपनीचं असेल, असतं तसलं प्रत्येक वस्तूवर. नाच बरोबर आलाय ना एवढंच बघितलं आणि पेनड्राइव्ह पदराच्या गाठीत बांधून निघाले.

अंगणवाडीत पोरं पुढं, मागं वाडीतल्या बाया. जाऊबाई भिंतीला, तेच नवं लुगडं नेसून. ते हळदीतलं, मी ओळखलं. सिनेमा सुरू झाला आणि भिंतभर टीव्हीवर ते बारीक पांढरं माझ्या अंगठ्याएवढं दिसायला लागलं. तारीख, वेळ, आकडे, आणि अगदी तळाला मराठीत, काने-मात्रे जरा सटकलेले, पण वाचता येण्यासारखं: खोकला.

मोठ्या पोरांच्या शाळेला त्या दिवशी सुट्टी होती म्हणून तीही आली होती. दुसरीतल्या पोरांना दिसेल ते अक्षर मोठ्यांदा वाचायची सवय, दुकानाची पाटी सोडत नाहीत. पुढं बसलेल्या एका चिमुरडीनं सुरू केलं. "ना-क... ओ-ढ-ती." पोरं हसली. जाऊबाईला वाटलं खेकड्याला हसतायत, तीही हसली. तिला वाचता येत नाही. शाळा बघितलेलीच नाही तिनं. मी उठून टीव्हीपुढं जायला निघाले, तर गुडघा धरला. तेवढ्यात, "था-प... प-हि-ली!" आता बाया हसल्या. "थाप दुसरी!" तर सगळी पोरं एका सुरात म्हणाली. "स्वतःची टिमकी"ला एकीनं पदर तोंडात धरला.

जाऊबाईचं हसणं थांबलं. तिनं शेजारच्या पोरीला विचारलं, "काय लिवलंय गं त्यात?" पोरीनं सांगितलं. प्रामाणिक पोर, सगळं सांगितलं.

नाच सुरू झाला. खेकडा कंबर हलवतोय, पोरं टाळ्या पिटतायत, आणि त्याच्या पायाखाली अकरा सेकंद एकच शब्द: विसरली. अकरा सेकंद किती लांब असतात हे मला त्या दिवशी कळलं. जाऊबाई उठली. पदर खोचला आणि गेली. अगदी हळदीच्या दिवशी गेली तशी.

संध्याकाळी नातीचा फोन. मी सगळं सांगितलं.

"आजी! तू चौकट टिक केलीस?"

"सगळ्याच केल्या."

"का?"

काय सांगणार? म्हटलं, "अर्ज परत येऊ नये म्हणून." ती इतकी हसली की मैत्रिणींना सांगायला गेली, आणि मी फोन कानाला लावून तशीच बसून राहिले. हसं केलं तर उंबरा चढणार नाही, असं जाऊबाई म्हणाली होती. आणि यावेळी सांगायला फोटोवालाही नव्हता.

दोन दिवस मी दार लोटून घरात. कढीपत्ता तोडायलाही गेले नाही, बिनफोडणीची आमटी खाल्ली. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणातनं हाक आली. सहा वर्षांत माझ्या नावानं आलेली पहिली हाक.

"धाकटे! ते डबडं घिऊन हिकडं ये. माझ्या वट्यावर. म्या तुझा उंबरा चढायची न्हाई म्हनलंय, तवा तू ये."

मी लॅपटॉप कडेवर घेऊन गेले. ओट्यावर बसले. म्हटलं, "आक्का, माझं चुकलं."

"ते मागनं. आदी वाच. सगळ्या खुना वाच. एकबी गाळायची न्हाई."

मी वाचायला लागले. पंचायतीपुढं उभं राहून स्वतःवरचा आरोप स्वतःच वाचून दाखवावा, तसं. खोकला, म्हटलं. "व्हय, खोकले." नाक ओढती. "पाऊस व्हता. तू बी वडत व्हतीस." थाप पहिली.

"कुटली?"

"सुपाएवढा खेकडा."

"त्यो व्हता सुपायेवडा. तू लगीन व्हऊन येन्याच्या आदीची गोष्ट हाय, तुला काय म्हाईत? पूस ते. थाप पुढं हाय. लाव जरा पुढं."

मी आवाज पुढं नेला. तिनं बोट वर करून थांबवलं. "हां, हितं. 'दोगी मनानं लई चांगल्या व्हत्या.' ही खरी थाप. हितं लिव, थाप तिसरी. एवढी मोठी थाप तुला घावली न्हाई व्हय?"

मी लिहिलं. मला हसू येत होतं पण हसायची हिंमत नव्हती. तिनं तसंच सगळं तपासलं. टिमकी राहू दे म्हणाली, ते खरं आहे, सासूबाई तिलाच जास्त सांगायच्या. मग म्हणाली, "आता माजीबी यक खून घाल. ती थोरली बाई काढलीयास ना, तिचं नाक लई वाकडं हाय. माजं नाक असलं हाय का? लिव, 'नाक वाकडं'." मी म्हटलं, आक्का, ही तुम्ही नाही, गोष्टीतली बाई. "मंग माज्यासारखं लुगडं कशाला नेसवलंस तिला?" मी लिहिलं, नाक वाकडं.

मग आलं "विसरली".

"न्हाई," ती म्हणाली. "विसरले न्हवते."

मी पडद्यावरनं मान वर केली.

"तुज्या तोंडाकडं बगत व्हते. ते वाक्य धाकटीचं हाय. ते म्या कशाला म्हनू? म्हनलं, हिला आठवतंय का बगावं. तर तू फोनमदी डोकं घालून बसलीस. आन् वर माज्या गप बसन्यावर खेकडा नाचवलास."

इतकं बोलता येणारी मी, ओट्यावर नुसती बसून राहिले. अकरा सेकंद झालेच असतील.

"त्यो नाच काढ," ती म्हणाली. "जागा मोकळी ठिव. दोगी हुब्या ऱ्हाऊ देत चिखलात."

"बरं. मी वाक्य भरते तिथं माझ्या आवाजात."

"भरायचं न्हाई. तितं बसून तोंडानं म्हनायचं. समद्यांम्होरं. आन् ती खालची अक्षरं तशीच ऱ्हाऊ देत, पोरास्नी वाचाया मिळतंय. मोकळ्या जागंवर लिव, 'आता धाकटीनं बोलायचं'."

नाच काढताना जीव गेला. पोस्टमनलासुद्धा आवडला होता. पण काढला. खुणा सगळ्या वऱ्हाडासकट नीट निवडल्या, एकही मागं राहिली नाही, आणि जाऊबाई शेजारी बसून म्हणत होती, "हा खेकडा अजून तिरका गेला पायजे." नातीला सांगितलं, ती म्हणाली, "आजी, मार्करची नावं प्रेक्षकांना दाखवत नाहीत गं." मी म्हटलं, तू येऊन थोरलीला सांग. ती आली नाही.

चार दिवसांनी, शाळा सुटल्यावर, परत खेळ. या वेळी वाडीतली न येणारी माणसंही आली होती, बातमी पसरली होती. पोरांना तर सगळं पाठ. "थाप तिसरी"ला असा आवाज झाला की बाहेरची म्हैस दचकली. "नाक वाकडं" आलं आणि सगळ्यांनी जाऊबाईच्या नाकाकडं बघितलं. ती ताठ बसून राहिली.

मग दोघी चिखलात समोरासमोर उभ्या राहिल्या. आवाज थांबला. खाली अक्षरं आली आणि त्या चिमुरडीनं वाचलं, "आ-ता... धा-क-टी-नं... बो-ला-य-चं."

सगळी माझ्याकडं वळली. टीव्हीवरच्या दोघीही वाट बघतायत असं वाटलं. आणि मी नुसता पदर सारखा करत राहिले. वाक्य चार शब्दांचं. सासूबाईंनी शंभरदा सांगितलेलं. हळदीच्या दिवशी त्यातले नुसते दोन म्हटले असते तरी पुरले असते, हे मला तिथं, त्या पोरांच्या घोळक्यात कळलं.

"आजी, बोला ना," एक पोर म्हणालं.

भिंतीकडनं जाऊबाईचा आवाज आला. "विसरली."

जी हसली माणसं! त्या हसण्यातच मी बोलले, "आक्का, पाणी आधी तुमच्यात." पण तोवर अकरा सेकंद सरले होते, टीव्हीतली जाऊबाई "जाऊ दे, म्हनली कायतरी" म्हणून बांध बांधायला लागली होती, आणि माझं बोलणं त्यात कुठं गेलं कुणाला ऐकूच आलं नाही.

"बाई, मागं घ्या," जाऊबाई म्हणाली. "पुन्यांदा."

बाईंनी मागं घेतलं. दुसऱ्यांदा मी घाईनं आधीच बोलले, दोघी अजून चिखलात पोचल्याही नव्हत्या. "हिची घाईच नडते," जाऊबाई सगळ्यांना म्हणाली. "पुन्यांदा." तिसऱ्यांदा मी अक्षरं येईतो थांबले, पोरीला पूर्ण वाचू दिलं, आणि टीव्हीकडं न बघता भिंतीकडं बघून म्हटलं.

"आक्का, पाणी आधी तुमच्यात."

तिनं पदरानं नाक पुसलं. खूण नव्हती तिथं, म्हणून कुणी वाचलं नाही.

घरी येताना वाट एवढीशी, बांधावरची, एकामागं एक चालायची. ती पुढं, मी मागं. तोंड उघडलं की काहीतरी बिघडवीन म्हणून मी पायाखालची वाट बघत चालले. अंगणात आल्यावर ती तिच्या दाराकडं वळेल असं वाटलं, तर माझ्या दाराशी येऊन थांबली. उंबऱ्याकडं बघत राहिली.

"चा हाय का घरात?"

"आहे की. आलं पण आहे. या ना आत."

"जीव ग्येला तरी चढायची न्हाई म्हनले व्हते न्हवं म्या?"

"म्हणाला होतात," मी म्हटलं.

"मंग ही थाप चवथी. लिवून ठिव त्या डबड्यात," ती म्हणाली, लुगडं जरा उचललं आणि आत आली.